प्रकाशक : अज्ञात

सकाळी साडेसातला मी संगणक सुरू करते तेव्हा पुण्याच्या नारायण पेठेत अजून फारशी वर्दळ नसते. चहा डाव्या हाताला, आदल्या दिवशी तपासलेली प्रुफं उजव्या हाताला. अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरवर दोनदा क्लिक केलं की सगळा स्क्रीन काळवंडतो, खिडकीसमोर कुणी येऊन उभं राहावं तसा. मध्ये एक चौकोन उमटतो, त्याच्या माथ्यावर पिवळा पट्टा. या ॲपला तुमच्या यंत्रात बदल करू द्यायचे का? पब्लिशर : अननोन. खाली यस आणि नो.

मी मनातल्या मनात त्याचं मराठी करते. प्रकाशक : अज्ञात. प्रकाशक हा माझ्या रोजच्या कामातला शब्द. तो असा काळोखात, ‘अज्ञात’ला चिकटून समोर आला की अजूनही आत कुठेतरी लागतं.

जवळजवळ तीस वर्षं मी पुस्तकं जुळवते आहे. पुस्तकाचं सगळ्यांत कमी वाचलं जाणारं पान म्हणजे आतल्या शीर्षकाच्या मागचं. प्रकाशकाचं नाव, पत्ता, मुद्रक, आवृत्ती, मुखपृष्ठ. वाचक ते उलटून पुढे जातो. मी मात्र ते शेवटी आणि सगळ्यांत सावकाश तपासते. १८६७ च्या कायद्याने आपल्याकडे छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव आणि ठिकाण असणं सक्तीचं केलं. इंग्रज सरकारला कोण काय छापतंय यावर नजर ठेवायची होती, हेतू काही आपल्या भल्याचा नव्हता. पण त्यातून एक चांगली सवय लागली. या मजकुराची जबाबदारी कुणाची, हे पुस्तकाने स्वतःच सांगायचं. अप्पा बळवंत चौकात या पानाशिवायचं पुस्तक हातात आलं, तर जुना विक्रेता आधी ते उलटून मागे बघतो, मग तुमच्याकडे बघतो.

आणि माझ्या सॉफ्टवेअरचा प्रकाशक तर मुळीच अज्ञात नाही. १९९८ च्या पावसाळ्यात ते स्कूटरवरून घरी आले होते. फ्लॉप्या प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेल्या, डोंगल शर्टाच्या खिशात. ते डोंगल प्रिंटरच्या पोर्टला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नसे. त्या काळात पुण्यात संगणकावर मराठी उमटवण्याचं काम करणारी माणसं बरीच होती. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान सी-डॅकबरोबर पुण्यात आलं होतं, मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी इथलंच. अशा मोठ्या नावांच्या आसपास एकेकटी, घरातल्या खोलीत बसून फॉण्ट आखणारी माणसंही होती. हे त्यांतले एक.

पहिल्याच पुस्तकात मी अडले. पाकशास्त्राचं पुस्तक होतं आणि ‘आचाऱ्यांना’ लिहिलं की ‘आचार्यांना’ उमटत होतं. मराठीचा हा आडवा र, वाऱ्यातला, दऱ्यातला, त्यांच्या कळफलकात राहून गेला होता. मी फोन केला. दोन दिवसांनी ते पुन्हा आले, नवी फ्लॉपी घेऊन, आणि म्हणाले, “ताई, हा र आता तुमच्या करंगळीखाली आहे.” अजून तिथेच आहे. पुढची शेकडो पुस्तकं मी त्याच कळीवर जुळवली. तीन वर्षांपूर्वी ते गेले. आणि आता रोज सकाळी यंत्र मला सांगतं, अज्ञात.

उलट ब्राउझरची नवी आवृत्ती बसताना जो चौकोन येतो त्याचा पट्टा निळा असतो. त्यावर परदेशी कंपनीचं नाव स्वच्छ लिहिलेलं, खाली पडताळणी झाल्याचा निर्वाळा. त्या कंपनीतल्या एकाही माणसाला मी ओळखत नाही.

नवं यंत्र मी गेल्या नोव्हेंबरात घेतलं. विंडोज १० ला सुरक्षेच्या सुधारणा नेहमीसारख्या मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं आणि माझ्या जुन्या यंत्रात पुढची आवृत्ती बसत नव्हती. पहिल्या दिवशी मला चौदा वेळा परवानगी विचारली गेली. फॉण्ट टाकताना, प्रिंटर जोडताना, जुना कन्व्हर्टर उघडताना. मी वहीत मोजून ठेवलं होतं. जोडणीला आलेला मुलगा भला होता. म्हणाला, “ताई, ते विचारतच राहणार. यस करून टाकत जा.” मग तो म्हणाला, हवं तर मी बंदच करून देतो, जुन्यावर होतं तसं.

जुन्यावर होतं तसं, म्हणजे कसं? तेव्हा मला कळलं. हा प्रश्न जुन्या यंत्रातही होता. ते कुणीतरी २०१६ मध्ये बसवून दिलं, तेव्हा पहिल्याच दिवशी सेटिंगमधली एक पट्टी तळापर्यंत खाली ओढून ठेवली होती. जवळजवळ दहा वर्षं माझ्या वतीने कुणीतरी ‘हो’ म्हणून ठेवलं होतं. एवढ्या वर्षांत त्या यंत्रात काय काय येऊन गेलं असेल याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ करत बसले. मला न विचारता दिलेली परवानगी ही मला चोरीइतकीच लागली, आणि देणाऱ्याने ती माझी सोय म्हणून दिली होती.

हा प्रश्न मुळात आला कशासाठी, हे मी त्यानंतर हट्टाने समजून घेतलं. एक्सपीच्या काळात घरोघरी प्रत्येक जण यंत्राचा प्रशासक म्हणूनच बसत असे. त्यामुळे आपण जो काही प्रोग्रॅम उघडू त्यालाही आपले सगळे अधिकार आपोआप मिळत. एखाद्या खेळाने विंडोजच्या गाभ्यात हात घातला तरी त्याला अडवणारं कुणी नव्हतं. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आली आणि तिने हे बदललं. तुम्ही घराचे मालक असलात तरी घरात वावरताना तुमच्याकडे साधेच अधिकार राहणार, तिजोरीला हात लावायची वेळ आली की तेवढ्यापुरतं विचारलं जाणार. स्क्रीन काळवंडतो तोही उगाच नाही. त्या क्षणी बाकीचे प्रोग्रॅम बाजूला ठेवले जातात, म्हणजे त्यांच्यापैकी कुणी तुमच्या वतीने चोरून ‘हो’ दाबू शकू नये. व्हिस्टा इतकं विचारायची की लोक कंटाळले, म्हणून २००९ च्या विंडोज ७ मध्ये किती विचारायचं हे ठरवणारी पट्टी दिली गेली. तीच, जी माझ्याकडे तळाला होती. माझं सॉफ्टवेअर रोज परवानगी मागतं याचं कारणही यातच आहे. ते प्रत्येक जण मालक असण्याच्या काळात लिहिलेलं आहे, सिस्टिमच्या फोल्डरात लिहायला ते बिनदिक्कत जातं. त्याला दुसरी रीत कुणी शिकवलीच नाही.

हे सगळं वाचताना मला आजोळचा शनिवार पेठेतला वाडा आठवत होता. मोठा दरवाजा लग्नकार्यालाच उघडायचा. एरवी ये-जा दिंडीतून, म्हणजे मोठ्या दारातल्या छोट्या दारातून. उंबरा उंच, माथा खाली. घरचा कर्ता पुरुषही वाकूनच आत यायचा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला खिळे आहेत ते सगळे बघतात, पण त्याच दरवाजात एक दिंडी आहे. एका वेळी एक माणूस, तोही मान लववून, एवढीच वाट ठेवली की आत आलेल्याला निरखायला देवडीवरच्याला वेळ मिळतो. मला वाटतं त्या पिवळ्या पट्ट्याचं काम नेमकं हेच आहे.

आजी आतूनच विचारायची, “कोण?” बाहेरून उत्तर यायचं, “मी.” आणि आजी कडी काढायची. आपल्याकडे सगळेच “मी” म्हणतात, नाव कुणी सांगत नाही. आवाज हीच ओळख. लहानपणी मला हे किती सुरक्षित वाटायचं. आज त्याकडे बघताना दिसतं की ते सगळं आजीच्या कानावर उभं होतं. तिला ऐकू कमी यायला लागलं तेव्हा मामाने दाराला भिंग बसवलं.

ओळखीवर किती विसंबावं, याचा धडा पुण्याला संगणकाच्या पहिल्या पिढीतच मिळाला होता. १९९० च्या दशकात व्हायरस बहुधा आंतरजालावरून येत नसत, ओळखीच्या माणसाच्या हातून येत. मित्राची फ्लॉपी, गिऱ्हाइकाची फ्लॉपी. त्याच काळात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी फ्लॉप्यांमधले व्हायरस काढणारा प्रोग्रॅम केला आणि त्यातून क्विक हील उभं राहिलं. आमच्याकडे फॉण्ट घेऊन येणारे गृहस्थसुद्धा फ्लॉपी घालण्याआधी ती तपासून घ्यायचे, स्वतःचीच असली तरी. मला ते तेव्हा थोडं परकेपणाचं वाटलं होतं.

निळ्या पट्ट्यामागची रीत मी समजून घेतली तेव्हा मात्र मला ती फार ओळखीची वाटली. कंपनी आपले कागद एका प्रमाणन संस्थेकडे देते, संस्था ते तपासून प्रमाणपत्र देते, आणि कंपनी प्रत्येक आवृत्तीवर त्याची मोहोर उठवते. ही मोहोर त्या फाइलमधल्या प्रत्येक अक्षरावरून गणित करून काढलेली असते. मागाहून एक अक्षर बदललं तरी ती जुळत नाही. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. त्यांतल्या पत्रांच्या शेवटी लेखनसीमेचा छोटा शिक्का असतो. मजकूर इथे संपला, याखाली कुणी ओळ वाढवू नये, एवढंच तो सांगतो. ज्याने हा शिक्का पहिल्यांदा योजला त्याला कागदाची भीती नीट कळली होती.

पण तो शिक्का ओळी वाढवायला अडवतो, ओळीतलं अक्षर बदलायला नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. धरावे असा हुकूम होता, त्यातल्या ‘ध’चा ‘मा’ झाला, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. इतिहासकार तिला पुरावा मागतात आणि ते बरोबरच आहे. मी प्रुफं तपासणारी बाई, मला ती कथा खरी-खोटी ठरवता येत नाही, पण एका अक्षराने काय होऊ शकतं ते मला रोज दिसतं. खून केला तो गारद्यांनी, हे मात्र कथेतलं नाही. ते वाड्याच्या चाकरीतलेच होते. दिंडी बाहेरच्यासाठी होती.

दगा आतूनच झाल्याची पुण्यातली अलीकडची आठवण ११ ऑगस्ट २०१८ ची. १९०६ साली स्थापन झालेली कॉसमॉस बँक. तो शनिवार होता. बँकेच्या व्यवस्थेत शिरलेल्यांनी एटीएमच्या विनंत्या तपासणाऱ्या यंत्रणेची एक खोटी प्रतिकृती उभी केली होती. २८ देशांतल्या एटीएमवर नकली कार्डं घातली गेली, एटीएमने नेहमीसारखं विचारलं, पैसे देऊ का? तो प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत पोहोचलाच नाही. मध्ये बसलेली खोटी यंत्रणा प्रत्येकाला ‘हो’ म्हणत राहिली. सोमवारी, १३ तारखेला, आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही असं बँकेने लगेच जाहीर केलं, तरी त्या आठवड्यात आमच्या पेठेतल्या दुकानांत दुसरा विषय नव्हता. मी तेव्हा आकड्याने हादरले होते. आता मला त्या आकड्यापेक्षा त्या खोट्या ‘हो’ची जास्त भीती वाटते. विचारणारा नेमाने विचारत होता. उत्तर देणारा बदलला होता.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी माझंही उत्तर तसंच यंत्रवत निघालं असतं. एका परिचित लेखकाच्या नावाने मेल आला, ‘हस्तलिखित अंतिम’ अशी झिप फाइल. मी त्यांच्या पुस्तकाची वाटच बघत होते. उघडली, पीडीएफचं चित्र दिसलं, क्लिक केलं. स्क्रीन काळवंडला. पिवळा पट्टा. सकाळी पाहिला होता तोच, त्याच जागी, आणि माझं बोट यसकडे निघालंही होतं. मला थांबवलं ते प्रकाशकाच्या नावाने नाही; अज्ञातची मला एव्हाना सवय झाली होती. मला खटकलं ते वाक्याचं क्रियापद. बदल करू द्यायचे का? हस्तलिखित माझ्या यंत्रात बदल कशाला करेल? ते वाचलं जायला आलं आहे. बदल मी त्याच्यात करायचे.

मी नो दाबलं आणि लेखकांना फोन लावला. “मी काहीच पाठवलं नाही हो,” ते म्हणाले. त्यांचा मेल कुणीतरी उघडला होता. आवाज ओळखीचा, दाराबाहेरचा माणूस दुसराच.

त्या दिवसापासून मी पट्ट्याचा रंग नंतर बघते. आधी बघते की मी आत्ता काय करत होते आणि त्याला खरोखर ही परवानगी लागते का. प्रिंटर बसवत असेन तर लागते. कविता उघडत असेन तर लागत नाही. आणि पट्टी खाली ओढू दिलेली नाही, त्या भल्या मुलाने दोनदा विचारूनही.

राहिला सकाळचा पिवळा पट्टा. तो आता फार दिवस यायचा नाही. जुन्या फॉण्टातली पुस्तकं मी कन्व्हर्टरने एकेक करून युनिकोडमध्ये नेते आहे. नव्या आवृत्तीसाठी प्रकाशकांना हवी आहेत अशी ४२ होती, त्यांतली १७ उरली आहेत. ती झाली की ते सॉफ्टवेअर उघडायचं कारण उरणार नाही. तोवर मी रोज चौकोन पूर्ण वाचते, अननोन हा शब्द येईपर्यंत, आणि मग यस दाबते. करंगळीखालचा र अजून काम करतो. कन्व्हर्टरला मात्र तो कळत नाही. आज सकाळी पाकशास्त्राच्या त्या पुस्तकात, पान ११२ वर, आचाऱ्यांचे पुन्हा आचार्य झालेले सापडले. मी ते हाताने दुरुस्त केले आणि मग मागची सगळी पानं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.