थैलीचा हिशोब

दिवाळीत घरी गेलो होतो. घरी म्हणजे सिंदी मेघेला. (वर्ध्याला अगदी चिकटून आहे, पण 'वर्ध्याचा' म्हणवून घेतलं की आमच्याकडे कुणीतरी दुरुस्त करतंच.) साफसफाईत दिवाण माझ्या वाट्याला आला आणि त्यातून निघाल्या छत्तीस पर्स. मोजल्या मी. बाजारातल्या, यात्रेतल्या, कुणाच्या लग्नात मिळालेल्या, बहिणीने कॉलेजात वापरून टाकलेल्या. एकही धड नाही. एकीला पट्टा नाही, एकीचं नुसतंच अस्तर, आणि सगळीकडे रेक्झिनचे काळे पापुद्रे.

"फेकू का?"

"हात नको लावू बाप्पा. मापं आहेत ते माहे."

त्याचं असं आहे, की आई नवीन फॅशनची पर्स शंभर-दीडशेला आणते, दोन-चार महिने मिरवते आणि मग ब्लेडने तिची एकेक शिवण उसवते. तुकडे पेपरवर ठेवून पेनने आखून घेते. आमच्या धंद्यात याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात आणि ते करणार नाही असं आपण न वाचता 'मान्य' करतो :) पापुद्र्यांचा दोष तिचा नाही. हे स्वस्त रेक्झिन बरेचदा कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा थर असतो. दमट हवेत तो हळूहळू तुटतो, पर्स वापरा नाहीतर कपाटात ठेवा. म्हणून आई बाजारातून फक्त आकार घेते, माल घरचा.

माल म्हणजे बाबांच्या जुन्या टेरीकॉटच्या पॅन्टी. एका पायातून दोन्ही बाजू निघतात. कमरेची पट्टी दुहेरी शिवलेलीच असते, तिचा खांद्याचा पट्टा. मागचा खिसा जागच्या जागी ठेवायचा, मोबाइल बसतो. आतून फाटक्या छत्रीचं कापड, म्हणजे डब्यातली भाजी सांडली तरी पुसता येते. बुडाला ताठपणा यावा म्हणून मध्ये खताच्या पोत्याचा तुकडा. पट्टा जिथे बसतो तिथे शिलाईचा चौकोन आणि चौकोनात फुली. तेवढ्यासाठी ती मशीनची सोळा नंबरची सुई काढून अठराची लावते. पाच किलो कांदे टाकून मी स्वतः हलवून पाहिली. टाका हलला नाही.

ती याला पर्स म्हणत नाही, थैलीच म्हणते. (पुण्यात मी एकदा दुकानात 'थैली द्या' म्हणालो होतो. असो.)

फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात सात जणींना हवी झाली. "किती सांगू?" तर म्हणे, साठ रुपये घे, त्याहून जास्त कोण देते. माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. चेन, धागा आणि इतर किरकोळ मिळून २८ रुपये. वेळ मी घड्याळ लावून मोजला, चार तास. म्हणजे तिला तासाला आठ रुपये. शीट उघडून तिला दाखवली.

"मले का कोणी तासानं ठेवलं आहे का?"

गंमत म्हणजे हाच वाद आमच्या घरापासून जवळच होऊन गेलाय. १९३५ साली गांधीजी वर्ध्यात मगनवाडीला राहत होते. खादी गिऱ्हाइकाला परवडावी म्हणून कातणाऱ्या बाईला अगदी जुजबी पैसे मिळत. त्या वर्षी चरखा संघाने ठरवलं, की आठ तासांच्या कामाला निदान अन्नवस्त्रापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. खादी महागेल, मग घेणार कोण, ही भीती होतीच. गांधीजी हटले नाहीत. त्याच मगनवाडीत १९३८ पासून मगन संग्रहालय आहे. शाळेच्या सहलीत आम्हाला तिथले चरखे दाखवले होते. मजुरीचं कुणी बोललेलं आठवत नाही. बोलले असतील तरी माझं लक्ष डब्याकडे.

हे सगळं मी आईला मोठ्या तावातावाने सांगितलं. ती चेन लावत होती. मान वर न करता म्हणाली, "मी बी शिवल्या ना दुकानाच्या. थैलीमागं पाच रुपये. कापड त्याचं."

"कधी?"

"तुह्या जावाच्या क्लासच्या वेळेस."

२००३ साल. फी ३२०० रुपये. ती बाबांच्या पगारातून गेली असंच मी आजवर धरून चाललो होतो. भागाकार करायला शीट लागली नाही. सहाशे चाळीस थैल्या. दुपारी घरी आलो की मशीन चालू असायची आणि 'आवाज होतो, अभ्यास होत नाही' म्हणून मी दार लावून घ्यायचो, हे मात्र लख्ख आठवतं.

मी ग्रुपवर साडेतीनशे रुपये लिहिलं. चार जणी गळाल्या. एकीने 'हँडमेड आहे ना, थोडं कमी कर' असंही लिहिलं, त्याला काय उत्तर द्यावं ते अजून सुचलेलं नाही. तिघी राहिल्या.

आईला वाटतंय आपण लोकांना लुबाडतोय. गेल्या शनिवारी पार्सल आलं. तीन थैल्या, आणि प्रत्येकीच्या आत त्याच कापडाचा एक छोटा बटवा, दोरीसकट. फोन केला तर म्हणे, "एवढे पैसे घेऊन राहिला, काही तर द्या लागते ना."

बटव्याला किती वेळ लागला, ते काही सांगायला तयार नाही.