अर्ज आणि हुकूम

पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना उज्जयिनीत काय दाखवावे, हा प्रश्न आमच्या घरी सहसा पडत नाही. कारण महाकाल, हरसिद्धी, गोपाळ मंदिर आणि क्षिप्रेचा रामघाट ही परिक्रमा त्यांनी घरून निघण्यापूर्वीच मनाशी पक्की केलेली असते. प्रश्न पडतो तो एवढाच, की या देवदर्शनाच्या धांदलीत वेधशाळेसाठी तासभर कसा काढावा. माझ्या पत्नीचे बंधू नाना वैशाखात सपत्नीक आले तेव्हा मात्र ते काम सोपे झाले. कारण पिंपरीच्या एका कारखान्यात हयात घालवलेल्या आणि मोजमापावाचून कशावरही विश्वास न ठेवणाऱ्या त्या गृहस्थांना, दगडी घड्याळ कितपत अचूक चालते हे तपासण्याची इच्छा आपण होऊनच झाली होती.

सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, माळव्याचा सुभेदार असताना उभारलेली आणि पुढे दीर्घकाळ उपेक्षेत पडलेली ही वेधशाळा १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून पुन्हा वापरात आणली, याचा येथल्या आम्हा मराठी घरांना थोडा अभिमान आहे. आमचे पूर्वज शिंद्यांच्या चाकरीत माळव्यात आले. दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली तेव्हा दरबार उठला, पण दप्तरे सांभाळणारी काही घराणी मागे राहिली, त्यांतलेच आम्ही. हल्ली वेधशाळेत पंच्याऐंशी फुटी मनोऱ्यावर विक्रमादित्य वैदिक घड्याळही बसवले आहे. त्याचे उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले आणि एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ ते तीस मुहूर्तांत विभागून दाखवते. नानांनी त्याच्याकडे वर मान करून एकदा पाहिले आणि ते सम्राट यंत्राकडे वळले.

या यंत्राची तिरपी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे. तिच्या पूर्वेस व पश्चिमेस पाव वर्तुळाच्या आकाराचे दगडी कंस असून त्यांवर तास, मिनिटे आणि मिनिटाचा तिसरा हिस्सा इतक्या सूक्ष्म खुणा कोरलेल्या आहेत. भिंतीची सावली दाखवते ती वेळ उज्जयिनीची स्वतःची. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आणि हे नगर पावणेशहात्तर अंशांच्या आसपास, त्यामुळे आमचा सूर्य सरकारी वेळेच्या सुमारे सत्तावीस मिनिटे मागे. त्यातच सूर्याची वर्षभराची चाल एकसारखी नसल्याने ही तफावत फेब्रुवारीच्या मध्यास एकेचाळीस मिनिटांपर्यंत वाढते आणि नोव्हेंबरच्या आरंभी अकरावर येते. ही मिळवणी कोणत्या दिवसांत किती करावी याचे कोष्टक यंत्राजवळच लावलेले आहे. मेच्या मध्यास ती तेवीस मिनिटे असते.

सावली पावणेअकरावर होती. तेवीस मिळवून अकरा वाजून आठ मिनिटे झाली. नानांचा फोन घरीच होता, कारण सकाळी ते महाकालाच्या दर्शनास गेले होते आणि डिसेंबर २०२२ पासून मंदिरात फोन नेण्यास बंदी आहे. मनगटी घड्याळ वापरणे तर त्यांनी फोन आल्यापासूनच सोडले होते. तेव्हा पडताळ्यासाठी माझा फोन पुढे झाला. मी नुकतीच यंत्राची छायाचित्रे पुण्याच्या मंडळींना पाठवीत होतो. पडद्याच्या कोपऱ्यात दहा एक्कावन्न दिसत होते.

“भावोजी, तुमच्या जयसिंगाचं घड्याळ सतरा मिनिटं पुढे आहे,” नाना म्हणाले, आणि त्यांच्या स्वरातले समाधान लपण्यासारखे नव्हते. मग त्यांनी कारणमीमांसा आरंभली: दगड तापून प्रसरण पावला असेल, दुरुस्तीत भिंतीचा कोन बिघडला असेल, कोष्टक लिहिणाऱ्याची नजरचूक झाली असेल. तीनशे वर्षांच्या शिळेवर एवढे आरोप झाले, पण हातातल्या काचेवर संशय घेण्याचे मात्र त्या अभियंत्याच्या मनातही आले नाही. मला शंका आली ती वेगळ्या गोष्टीने. माझ्या फोनचा पडदा स्पर्श झाला नाही तर अर्ध्या मिनिटात मालवतो. येथे एवढा वाद रंगूनही तो लख्ख जळत होता, आणि वेळ दहा एक्कावन्नच होती. फोन थिजला होता. आमच्या नातीच्या भाषेत, हँग झाला होता.

वैशाखातले माळव्याचे ऊन चाळीस अंशांच्या वर जाते, आणि बहुतेक कंपन्या आपल्या फोनांस पस्तीस अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरा असे बजावतात. त्यात माझ्या फोनचे कोठार नातेवाइकांच्या सुप्रभातांनी आणि लग्नांच्या चित्रफितींनी काठोकाठ भरलेले. पडद्यावर बोट फिरवले, उत्तर नाही. बाजूची कळ दाबली, पडदा विझेना. तीच कळ दाबून धरली म्हणजे ‘बंद करा’ आणि ‘रिस्टार्ट’ असे पर्याय दाखवणारी जी चौकट एरवी उगवते, तीही उगवली नाही. “पाठ उघडून बॅटरी काढा,” असे नाना म्हणाले. तो उपाय एके काळी राजमान्य होता. बॅटरी काढून परत बसवली की कसलाही फोन शुद्धीवर येई. हल्ली पाठ चिकटवलेली असते. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता येईल अशी असावी असा कायदा केला आहे, पण त्याचा उपयोग वेधशाळेच्या आवारात आम्हाला काय होणार!

आमची ही खटपट पाहत उभा असलेला एक विद्यार्थी पुढे झाला. “बाबूजी, पावर और आवाज़ कम वाला, दोनों बटन साथ में दबाकर रखो, छोड़ना मत,” एवढे बोलून तो बाजूला राहिला. फोन त्याने हातात घेतला नाही, हे मला फार आवडले. मी दोन्ही कळा दाबून धरल्या. काही क्षण काहीच घडले नाही, आणि याच क्षणी बहुतेक माणसे बोट उचलतात असे मला पुढे कळले. मग पडदा एकाएकी काळा झाला, फोन हातात थरथरला आणि कंपनीचे नाव उजळले.

चौकट उगवली नाही, पण दोन कळांनी काम झाले, याचा उलगडा मला त्या वेळी झाला नव्हता. तो मागाहून फ्रीगंजमधल्या आमच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याने केला, आणि दप्तरी घराण्यातला असल्यामुळे मला तो चटकन समजला. रिस्टार्टची चौकट म्हणजे दरबारात गुदरलेला अर्ज. तो अर्ज स्वीकारायचा, वाचायचा आणि त्याची तामिली करायची, ही सारी कामे अँड्रॉइड या कारभाऱ्याचीच; तोच निश्चेष्ट पडला असेल तर अर्ज घेणार कोण? चौकट रंगवणे हेदेखील त्याचेच काम असल्याने ती दिसतच नाही. पण फोनच्या आत विजेचा पुरवठा सांभाळणारी एक निराळी चकती असते, आणि ती कारभाऱ्याच्या अमलाखाली नसते. कळ ठराविक मुदतीपलीकडे दाबलेली राहिली, की कारभाऱ्याला न विचारता ती वीज तोडते आणि पुन्हा जोडते. अर्जाचा तेथे हुकूम होतो. सॅमसंगच्या फोनांत हे फारच स्पष्ट दिसते: बाजूची कळ आणि आवाज कमी करण्याची कळ थोडा वेळ धरली तर चौकट येते, आणि त्याच दोन कळा सात सेकंदांहून अधिक धरल्या तर विचारपूस न होता फोन नव्याने सुरू होतो. गूगलच्या पिक्सेलमध्ये एकटी पॉवरची कळ सुमारे तीस सेकंद धरावी लागते. तीस सेकंद म्हणजे अडलेल्या माणसाला एक प्रहर.

अनेक फोनांत हीच चकती काळाची नोंदही ठेवते. सेकंदाला ३२,७६८ वेळा स्पंदन पावणारा एक बारीकसा स्फटिक तिला चाल देतो, आणि पडदा थिजला तरी तिची गणना चालूच राहते. म्हणूनच माझा फोन उठला तेव्हा त्याने दहा एक्कावन्नपासून पुढे मोजायला आरंभ केला नाही. थेट अकरा चौदा दाखवले. नाना काही न बोलता यंत्राच्या पायऱ्यांजवळ गेले, सावली पाहिली, कोष्टकातली तेवीस मिनिटे मनाशी मिळवली आणि परत येऊन म्हणाले, “बरोबर आहे.” क्षमा त्यांनी कोणाची मागितली नाही, आणि जयसिंगाचीही तशी अपेक्षा नसावी.

फोन उघडण्यासाठी मी अंगठा टेकवला तर तो मानेना; आकडी परवली मागू लागला. नव्याने सुरू झालेला फोन पहिल्या वेळी अंगठ्याचा ठसा स्वीकारत नाही, कारण आतला मजकूर कुलूपबंद लिपीत साठवलेला असतो आणि त्या कुलपाची किल्ली त्या परवलीवाचून तयार होत नाही. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून एवढी सोय झाली आहे, की परवली टाकण्यापूर्वीही फोन येतात आणि गजर वाजतो. आपला आकडा ज्यांना अंगठ्याच्या सवयीने आठवेनासा झाला आहे, अशा माझ्या वयाच्या मंडळींनी तो कोठे तरी जपून ठेवावा. गूगलने २०२५ साली आणखी एक तजवीज केली: सलग तीन दिवस न उघडलेला फोन आपणहून रिस्टार्ट होऊन याच बंदिस्त अवस्थेत जातो, म्हणजे चोराच्या हाती पडला तरी मजकूर सहजी हाती लागू नये. कपाटात ठेवून दिलेला जुना फोन एके दिवशी अंगठा नाकारू लागला तर त्यात बिघाड शोधू नये.

दुरुस्तीवाल्याने बाकीचे मार्गही सांगितले. वरून खाली ओढायच्या पट्टीत अनेक नव्या फोनांत पॉवरचे चिन्ह असते. कळ झिजलेल्यांना ते वरदानच. अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून कित्येक फोनांत पॉवरची कळ दाबून धरली तर सहायक बोलू लागतो, आणि चौकट हवी असेल तर पॉवरबरोबर आवाज वाढवण्याची कळ दाबावी लागते. ही सुधारणा कोणाच्या सुखासाठी केली ते मला उमगलेले नाही. चौकटीतल्या ‘बंद करा’वर बोट टेकवून ठेवले तर बऱ्याच फोनांत सुरक्षित अवस्थेचा प्रश्न येतो, त्या अवस्थेत आपण बाहेरून घेतलेली ॲप्स निजलेली राहतात, आणि फोन तेथे सुरळीत चालला तर दोष त्यांच्यापैकी एखाद्याचा हे सिद्ध होते. काही फोन ठरल्या वेळी आपोआप रिस्टार्ट होण्याची सोय देतात. संगणकाला जोडून आज्ञा देण्याचीही रीत आहे, पण तिची परवानगी फोनमध्ये आधीच देऊन ठेवावी लागते. हे सगळे अर्जच. कारभारी जागा असेल तोवर चालणारे. कळाही दाद देत नसतील तर बॅटरी संपेपर्यंत थांबणे आणि मग चार्जर लावणे, हा शेवटचा आणि कंटाळवाणा उपाय उरतो.

कळांच्या निराळ्या जोडणीने उघडणारी दुरुस्तीची काळी यादीही त्याने मला दाखवली. आवाजाच्या कळांनी वरखाली जावे, पॉवरने निवड करावी. तिच्या आरंभीच पुन्हा सुरू करण्याची ओळ आहे आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावर सगळा मजकूर पुसून टाकण्याची. अशा दोन ओळी इतक्या जवळ मांडणाऱ्याला आमच्या जुन्या फडात कोणी कारकुनीही दिली नसती. नानांच्या पत्नीने मला घरी काळजीने विचारले होते, “रिस्टार्ट केल्यावर माझे फोटो जातील का?” रिस्टार्टने, अगदी सक्तीच्यासुद्धा, फोटो जात नाहीत, अर्धवट लिहिलेला आणि न साठवलेला मजकूर तेवढा जाऊ शकतो. जातात ते त्या दुसऱ्या ओळीने.

आठवड्यातून एकदा फोन रिस्टार्ट करावाच, असा दुरुस्तीवाल्याचा आग्रह आहे. मला तो अर्धाच पटतो. रेंगाळलेली ॲप्स त्याने मोकळी होतात खरी, पण भरलेले कोठार रिस्टार्टने रिकामे होत नाही. मी तीन लग्ने पुसली, तेव्हा फोन हलका झाला.

नाना पुण्याला गेल्यावर मी एका कागदावर माझ्या फोनच्या कळा लिहून तो आवरणाच्या आत घातला. पत्नीचा फोन दुसऱ्या कंपनीचा, त्याच्या कळा निराळ्या. म्हणून तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी केली. तिने ती वाचली, घडी घातली आणि मागच्या बाजूला फ्रीगंजच्या त्या दुकानाचा नंबर लिहून ठेवला.