परळची दुसरी फेरी

मुंबईतील परळ म्हटले की जुन्या पिढीस कापडगिरण्यांचे भोंगे आठवतात. कोकणातून, घाटावरून, आणि आमच्या बेळगाव-खानापूर भागातूनही पोटासाठी निघालेली माणसे येथील चाळींत उतरत. १९८२ च्या गिरणीसंपानंतर ते दिवस ओसरले. भोंगे थांबले, गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. तथापि खेड्यापाड्यांतून परळला येणाऱ्या माणसांचा ओघ काही आटला नाही. पूर्वी माणसे येथे कामासाठी येत. आता पुष्कळशी आजारासाठी येतात.

येथे केईएम रुग्णालय १९२६ पासून आहे. त्याच्याजवळच, १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय. हाफकिन संस्थेची जुनी वास्तूही याच भागात. ती एके काळी ख्रिस्ती संन्याशांचा मठ होती, पुढे मुंबईच्या गव्हर्नराचे निवासस्थान झाली आणि प्लेगच्या साथीच्या काळात, १८९९ साली, तेथे लसीची प्रयोगशाळा आली. टाटा रुग्णालय ज्या रस्त्यावर आहे, त्यास डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव दिलेले आहे. गोमंतकीय वंशाच्या या शल्यविशारदांनी आपले आयुष्य याच रुग्णालयातील कर्करोग्यांच्या सेवेत वेचले. ती पाटी वाचली की आमच्यासारख्या परमुलखातून आलेल्या माणसांस कोणी ओळखीचे भेटल्यासारखे वाटते.

या परळला आम्हां उभयतांच्या दोन मोठ्या फेऱ्या घडल्या: पहिली २०१७ साली, दुसरी २०२३ च्या अखेरीस. पहिल्या फेरीविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. भीतीने डोळे झाकून केलेला प्रवास होता तो. हे पुष्कळांस विचारावेसे वाटते, पण संकोचाने कोणी विचारत नाही, म्हणून दुसऱ्या फेरीविषयी लिहितो.

२०१७ च्या पावसाळ्यात भाताची लावणी चालू असता यांस शेतातच झटका आला. हात ताठ झाला, वाचा बसली, आणि बांधावर आडवे पडले. बेळगावास तपासणी झाली तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूस, बोलण्याच्या केंद्राजवळ, गाठ असल्याचे कळले. परळला शस्त्रक्रिया झाली. मग सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, किरणोपचार. कोमट पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर बसवून तिचा मुखवटा करतात आणि त्याने डोके मेजास जखडून ठेवतात, म्हणजे किरण केसभरही इकडचे तिकडे होत नाहीत. त्यानंतर घरी आलो. सहा वर्षे भात पिकले, मुलगी शाळेतून कॉलेजात गेली, आणि आजार संपला असे सारा गाव समजू लागला.

तो संपत नसतो. अशा गाठीचे मूळ मुळ्यासारखे एकसंध नसते. हरळीसारखे ते चांगल्या मेंदूत तंतूतंतूने शिरलेले असते. शल्यविशारद दिसते तेवढे काढतात. न दिसणारे काढावयास जावे तर त्याबरोबर हात, पाय, बोलणे, आठवण, काहीतरी जाते. म्हणून काही मागे राहते, ते पुष्कळ वर्षे निजून असते, आणि एखाद्या दिवशी जागे होते. २०२३ च्या नोव्हेंबरात नेहमीच्या एम.आर.आय. तपासणीत जुन्या जागेच्या कडेस नवी पांढरी छाया दिसली. किरणांमुळे झालेला बदलही कधी कधी तसाच दिसतो. म्हणून आणखी तपासण्या झाल्या. अखेर ती गाठच ठरली.

बेळगावहून दादरची गाडी धरली. घटप्रभा मागे पडली, कुडचीजवळ कृष्णेचा पूल लागला, मिरज आले. पहिल्या वेळी या वाटेवर आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. या वेळी सातारा येईपर्यंत आम्ही वहीत प्रश्न लिहीत बसलो. काही केले नाही तर काय होईल? केले तर काय जाईल? आणि जे जाईल ते परत येईल का? पहिल्या वेळी आम्ही एकच प्रश्न घेऊन गेलो होतो, बरे होईल ना? त्याचे उत्तर कोणी डॉक्टर प्रामाणिकपणे देऊ शकत नाही, हे सहा वर्षांत आमच्या ध्यानी आले होते.

येथे वाचकांस एक उपयोगी गोष्ट सांगून ठेवतो. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग्यास रेल्वेच्या शयनयान आणि तिसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात भाडे पूर्ण माफ असते, आणि सोबतच्या एका माणसास तीन चतुर्थांश सवलत मिळते. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातील दाखला मात्र जवळ असावा लागतो. ही गोष्ट आम्हांस कोणा अधिकाऱ्याने नव्हे, तर परळच्या फुटपाथवर बसलेल्या एका बिहारी म्हातारबाबांनी सांगितली.

परळचा तो फुटपाथ हीदेखील एक पाठशाळाच आहे. बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, ईशान्येकडील डोंगर, सगळीकडची माणसे तेथे भिंतीस पाठ टेकून बसलेली असतात. कोणाच्या नाकात नळी, कोणाच्या डोक्यास फडके, आणि प्रत्येकाच्या शेजारी एक जागे माणूस. फाइल कोठे काढावी, कोणत्या खिडकीवर आधी जावे, पैसे भरण्याचे कार्ड कसे चालते, स्वस्त डाळभात कोठे मिळतो, हे सारे तेथे फुकट शिकावयास मिळते. धर्मशाळांत जागा मिळाली तर नशीब. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा आहे. तेथे आम्हांस खोली मिळाली. हातात झाडू घेऊन गावे स्वच्छ करणाऱ्या त्या संताच्या नावाखाली आमच्या शेजारी एका बाजूस मुसलमान कुटुंब होते आणि दुसऱ्या बाजूस मणिपूरचे ख्रिस्ती. स्टोव्ह एकमेकांचे, मीठ एकमेकांचे.

डॉक्टरांनी आमची वही पाहिली आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. त्यांनी चार वाटा मांडल्या. पहिली, काही न करता तीन महिन्यांनी पुन्हा छायाचित्र काढणे. दुसरी, पुन्हा शस्त्रक्रिया. तिसरी, पुन्हा किरण. पण एकदा दिलेल्या किरणांचे माप मेंदू विसरत नाही, म्हणून दुसऱ्या वेळी फार जपून द्यावे लागतात. चौथी, गोळ्या. पहिल्या गाठीचा तुकडा त्यांनी जपून ठेवलेला होता. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात गाठीचे नाव केवळ सूक्ष्मदर्शकातील रूपावरून ठरत नाही, तिच्या गुणसूत्रांतील बदलही पाहतात. आणि आमच्या गाठीचे बदल गोळ्यांस दाद देणाऱ्या जातीचे होते. तेव्हा त्यांचा सल्ला पडला, शस्त्रक्रिया आणि मग गोळ्या. मात्र गाठ आता बोलण्याच्या केंद्रास भिडली होती. ते म्हणाले, “कडेपर्यंत गेल्यावर मला ठरवावे लागेल, थांबायचे की पुढे जायचे. पुढे गेलो तर गाठ अधिक निघेल, पण बोलणे जाण्याचा संभव आहे. तुम्ही दोघे विचार करून मला सांगा.”

विचार करावयास आम्ही वांद्र्यास गेलो. मोतमाउलीच्या टेकडीवर मेणबत्त्यांच्या दुकानांत हात, पाय अशा अवयवांच्या मेणाच्या आकृती विकावयास असतात. विकणाऱ्या बाईने विचारले, “काय देऊ? कशासाठी नवस?” आम्ही दोघेही गप्प राहिलो, मग साध्या दोन मेणबत्त्या घेतल्या. दर्शन झाल्यावर समुद्राकडे चालत गेलो. जवळच शांती आवेदना सदन आहे. ज्यांच्या कर्करोगावर आता उपाय उरला नाही, अशांची वेदना हलकी करण्यासाठी १९८६ साली उघडलेले हे भारतातील पहिले सदन. त्याच्या भिंतीबाहेर आम्ही उभे राहिलो. गेल्या सहा वर्षांत जे नाव तोंडाने घेतले नव्हते, ते त्या दिवशी प्रथम घेतले.

हे म्हणाले, “शेवटी येथे यावे लागले तर चालेल. घरी जमले तर अधिक बरे. पण ते पुढचे. आता डॉक्टरांना काय सांगायचे?”

“तुम्हांला काय वाटते?” आम्ही विचारले.

“थांबा म्हणून सांगायचे,” हे म्हणाले. “दोन वर्षे कमी मिळाली तरी चालतील. पण जेवताना तुझ्याशी बोलता आले पाहिजे. पोरीला हाक मारता आली पाहिजे. मुक्याने बसून वर्षे मोजण्यात काय आहे?”

आम्हांस ते पटले नाही, हे येथे सांगितले पाहिजे. आम्हांस वर्षे हवी होती. मुकी का असेनात. त्या कठड्यावर आमचे चांगले तासभर भांडण झाले. भरती येऊन खालचे खडक बुडाले, तरी ते चालू होते. शेवटी आमच्या ध्यानी आले की, डोके यांचे आहे, वाचा यांची आहे, आणि आमच्या वाट्याची भीती यांच्या वाचेने फेडणे न्यायाचे नव्हे. परतताना बसमध्ये आम्ही वहीत एकच ओळ लिहिली: “कडेस थांबावे.” तिच्याखाली दोघांनी सही केली. डॉक्टरांनी ती वाचली आणि मान हलविली.

जानेवारी २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, तीही रोग्यास जागे ठेवून. हे ऐकून अंगावर काटा येतो. परंतु मेंदूस स्वतःस वेदना नसते. कातडी बधिर करतात, आणि महत्त्वाच्या भागावर येताच रोग्यास जागे करून बोलते ठेवतात. सूक्ष्म विद्युत्प्रवाहाने एकेक जागा चाचपावयाची आणि त्याच क्षणी चित्र दाखवून नाव विचारावयाचे. जेथे शब्द अडतो तेथे शस्त्र न्यावयाचे नाही. आधी त्यांनी विचारले होते, घरी कोणती भाषा बोलता? आम्ही सांगितले, घरी कोकणी, देवळात आणि शाळेत मराठी, बाजारात कानडी. चित्रे मराठीत विचारावयाची ठरली. नंतर आम्हांस कळले की, एका जागी फणीचे चित्र दाखविले असता यांचा शब्द अडला. मग घाबऱ्या घाबऱ्या “दांतोणी” म्हणाले. खोलीतल्या कोणासही तो कोकणी शब्द ठाऊक नव्हता. शल्यविशारद तेथेच थांबले.

थोडी गाठ मागे राहिली. सहा आठवडे शब्द चाचपडत होते. मीठ म्हणावयाचे तर साखर म्हणत, आणि आपल्याच बोलण्यावर चिडत. सूज उतरविण्याच्या औषधाने भूक अनावर होई, झोप उडे, आणि रागाचा पारा चढे. त्या दिवसांत शेजारणी येऊन विचारीत, “आता बरे झाले ना?” त्यांचा हेतू चांगला, पण त्या प्रश्नास काय उत्तर द्यावे? एक वृद्ध शेजारीण मात्र काही न विचारता गोठ्यात जाई, म्हैस पिळी, दूध ठेवून जाई. तिच्या येण्याने जे बळ मिळाले, ते अजून सांगता येत नाही.

मग गोळ्या: टेमोझोलोमाईड. अठ्ठावीस दिवसांतून पाच दिवस, रिकाम्या पोटी, रात्री निजण्यापूर्वी. प्रत्येक खेपेस आधी रक्त तपासून. अशा बारा फेऱ्या झाल्या. खर्चासाठी एक म्हैस विकली आणि दिरांनी शेताचा वाटा कसून दिला. २०२५ च्या आरंभी शेवटची गोळी घेतली. मागे राहिलेली गाठ तूर्त स्थिर आहे. दर चार महिन्यांनी छायाचित्र काढावे लागते, आणि त्याच्या आधीचा आठवडा घरात कोणी मोठ्याने हसत नाही.

अशी वाट ज्यांच्या वाट्यास येईल, त्या कुटुंबांस आमचे सांगणे थोडके आहे. डॉक्टरांकडे दोघांनी जावे, एकट्याने कधीही नको. एकाचे कान भीतीने बंद होतात तेव्हा दुसऱ्याचे उघडे असतात. प्रश्न घरून लिहून न्यावेत. जुने कागद, छायाचित्रे, गाठीच्या तपासणीचा निकाल, सारे एका पिशवीत तारखेप्रमाणे ठेवावे. आणि उपचारापूर्वी रोग्यास स्वतःस विचारावे की त्यास सर्वांत अधिक काय राखावयाचे आहे. ते आपणांस आवडेलच असे नाही. परंतु ते विचारल्यावाचून आणि ऐकल्यावाचून जी शुश्रूषा होते, ती पुष्कळदा आपल्याच भीतीची शुश्रूषा असते.

यंदाची लावणी झाली. हे बांधावर बसून वाफे मोजत होते; मध्येच एक शब्द अडला, तो मुलीने पुरविला, आणि मोजणी पुढे चालू झाली. पुढच्या महिन्यात परळची तारीख आहे. दादरची तिकिटे काढून ठेवली आहेत, आणि वहीत तीन नवे प्रश्न लिहून झाले आहेत.