घाटातली वजाबाकी

प्रिय बयो,

फोनवर आपण बोलतोच, पण हे कागदावरच सांगायचं होतं. दहावीतली नात सुट्टीला आली आहे, निर्देशक भूमिती घेऊन. परवा रडकुंडीला आली. अ (३७०, १०) आणि ब (१११०, ३०) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढायचा होता आणि उत्तर सारखं उणे येत होतं.

मग मी तिला मनानेच मुंबई-पुणे रेल्वेच्या आपल्या बोरघाटात नेलं. आठवतंय? कर्जतला गाडी थांबली की आपण खिडकीतून वडे घ्यायचो आणि मागून ढकलायला जादा इंजिनं लागायची. १८६३ साली रेल्वे सुरू झालेल्या या घाटात रुळाचा सर्वांत तीव्र चढ ३७ला १ आहे. ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. ऐकायला किरकोळ, पण गुळगुळीत रुळावर चाकाची पकड कमी, शिवाय अख्ख्या गाडीचं वजन मागे ओढतं.

तिला म्हटलं, बिंदूतला पहिला आकडा गाडी किती पुढे आली ते सांगतो, दुसरा किती वर आली ते. ३० मधून १० गेले, २० मीटर चढलो. १११० मधून ३७० गेले, ७४० मीटर पुढे आलो. २० भागिले ७४०, म्हणजे तोच आपला ३७ला १! तिने वर ‘ब’मधून ‘अ’ वजा केला होता आणि खाली ‘अ’मधून ‘ब’. म्हणून खंडाळ्याला निघालेली गाडी उताराला लागली होती.

“आणि पुण्याहून येताना, आजी?” दोन्ही वजाबाक्या उलट करून पाहिल्या. वर उणे २०, खाली उणे ७४०, उत्तर तेच. गाडी कुठूनही येवो, रूळ एकच.

घाटातल्या नागफणीच्या सरळसोट कड्याचा चढ किती, याचं उत्तर तिने स्वतःच ओळखलं. सरळ उभ्या रेषेवर पुढे जाणं शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. उभ्या रेषेचा चढ सांगताच येत नाही. रूळ वळणं घेत, बोगद्यांतून का जातो, तेही तिला तिथेच उमगलं.

‘चढ’ हा शब्द आपण पायांनी शिकलो, बयो. पुस्तकात तो नंतर भेटला. तुझ्या नातवाला सूत्र पाठ करायला लावण्याआधी तुमच्या गावातल्या एखाद्या चढावर घेऊन जा. तिथे दोन खुणा कर आणि विचार: किती पुढे आलो, किती वर आलो?

तुझीच,
बाकावरची शेजारीण