निवात आणि वातायन

संस्कृतात खिडकीला ‘वातायन’ असा एक शब्द आहे : वाऱ्याची वाट. इंग्रजीतल्या ‘विंडो’चे मूळही जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘वाऱ्याचा डोळा’ अशा अर्थाच्या शब्दात सापडते. खिडकीला नाव देताना दोन्हीकडे प्रकाशाआधी वारा आठवला, हे वर्गात सांगताना आम्हां दोघांनाही मौज वाटत आली आहे. निफाड तालुक्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात पौषातल्या पहाटे उभे राहिले, की ती मौज ओसरते.

हिवाळ्यात निफाडचे किमान तापमान राज्यातल्या नीचांकी नोंदींत गणले जाते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले आकडे वर्तमानपत्रांत झळकतात, आणि द्राक्षबागायतदार घड वाचवण्यासाठी पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात. आमच्या घरी प्रश्न आईंचा होता. आमच्यातल्या एकाची ती आई, दुसरीच्या त्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, बोटांचे सांधे आखडलेले. पण पहाटेचा चहा स्वतः करून ओट्याजवळच्या खुर्चीत बसण्याचा नेम त्या मोडत नाहीत. बाहेरच्या खोलीत बसा म्हटले, तर म्हणतात, ‘तिथे मी पाहुणी.’ गारठ्यापायी त्यांची ही जागा जाऊ नये, एवढ्यासाठी आमचा खटाटोप.

वारा दिसत नाही. तो धुरावरून ओळखावा लागतो. शेगडी आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून, दारेखिडक्या लावून आम्ही एक्झॉस्ट पंखा सुरू केला. पंखा आतली हवा बाहेर लोटतो, तेव्हा तितकीच हवा फटींतून आत ओढली जाते, आणि एरवी न जाणवणारी फटही उघडी पडते. मग पेटती उदबत्ती चौकटींच्या कडेने, नळांभोवती, दाराच्या तळाशी सावकाश फिरवली. धुराची रेघ सरळ वर गेली, तर ती जागा ठीक. आडवी झाली, की तिथे खडूची फुली.

दाराखालची फट जेमतेम १ सेंटिमीटर उंचीची होती. पण दार ८० सेंटिमीटर रुंद. म्हणजे भिंतीला ९ सेंटिमीटर लांबरुंद चौकोनी भोक पाडून ठेवावे, तेवढीच ती वाट. पंख्याच्या बाहेरच्या झडपा गंजून उघड्याच राहिल्या होत्या. उबदार हवा वर चढून तिथून निसटे आणि तिची जागा घ्यायला खालून गार हवा शिरे. भोक छताजवळ असूनही गारठा पायांना का झोंबतो, ते तेव्हा उमगले.

झडपा साफ करून हलत्या केल्या. सिंकच्या पाइपाभोवतीचे भगदाड सिमेंटने बुजवले, चौकट आणि भिंत यांमधल्या भेगेत सिलिकॉन भरले, दाराला खालून ब्रशची पट्टी लावली. खिडकीसाठी फोमची पट्टी मुद्दाम पातळ घेतली. लाकूड थंडीत आकसते आणि पावसाळ्यात फुगते. जाड पट्टी आषाढात खिडकी लागूच देणार नाही.

उरली ती सिलिंडरशेजारची, जमिनीलगतची जाळी. आईंच्या पायांवर सर्वांत गार झोत तिथूनच येई. ती बुजवावी की नाही, यावर आमच्यात दोन दिवस वाद चालला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, आणि त्याला बाहेर जायला खालचीच वाट लागते. शिवाय कोंडलेल्या खोलीत शेगडी जळत राहिली, तर ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ शकतो; त्याला ना रंग, ना वास. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला निवात जागेतल्या निश्चल दिव्याची उपमा आहे, आणि ज्ञानेश्वरी शिकवताना त्या निवातपणाचे आम्ही मनापासून गुणगान करतो. पण ती अवस्था चित्ताची. चूल असलेल्या खोलीला ती मानवणारी नाही.

जाळी उघडी ठेवली. आईंची खुर्ची ओट्याच्या दुसऱ्या टोकाला हलवली, आणि खुर्ची व जाळी यांच्यामध्ये जाळीपासून हातभर अंतरावर एक फळी उभी केली. वाऱ्याची वाट मोकळी राहिली, फक्त त्याचा रोख वळला. आईंच्या मते गारठा अजून येतोच, ‘पण आता तो विचारून येतो’. त्या पायमोजे घालतात, आणि चहा अजून त्याच करतात.