साल फिटण्याचा दिवस

आमच्या यावलकडे आखाजी म्हणजे लेकींनी माहेरी येऊन झोक्यावर बसायचा सण. आमच्या घरी त्या दिवशी आणखी एक गोष्ट व्हायची. बाबांचं साल फिटायचं.

बाबा सालदार होते. एका आखाजीपासून दुसऱ्या आखाजीपर्यंत मालकाच्या शेतात राबायचे. केळीला पाणी, बैलांना वैरण, रात्रीची राखण. जुनं साल संपून नवं ठरेपर्यंतचा एकच दिवस त्यांचा स्वतःचा. माय पितरांची घागर भरायची, खापरावर पुरणपोळी टाकायची. बाबा निंबाखाली बाजेवर आडवे व्हायचे. "आज मी कोनाचाच नाही," म्हणायचे आणि डोळे मिटायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच बांध. माझ्या वह्यांना, बहिणीच्या लग्नाला उचल घेतलेली असायची आणि ती फिटल्याशिवाय साल सुटत नसे.

मी शिकलो, पुण्यात नोकरीला लागलो. कोणी विचारलं तर 'वडील शेती करतात' एवढंच सांगायचो.

रास्ता पेठेतल्या एका बेने इस्रायली ज्यू सहकाऱ्याने वल्हांडणाच्या रात्री मला जेवायला बोलावलं. ताटात बेखमीर भाकर, कडू पाला आणि मिठाचं पाणी होतं. ते पाणी म्हणजे मिसरातल्या गुलामीतले अश्रू. धाकट्या मुलीने रिवाजाप्रमाणे विचारलं, आजची रात्र वेगळी का? आजोबा मिसरातून सुटकेची कथा मराठीत सांगू लागले. ही कथा ज्या पोथीतून सांगतात ती हगादा पुण्यात १८७४ साली मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातल्या एका चित्रात लुगडं नेसलेल्या बाया बेखमीर भाकरी करताना दिसतात. हजारो वर्षांपूर्वीची गुलामी ही माणसं लेकरांना दरवर्षी ताठ मानेनं सांगत होती. जणू आपण स्वतःच तिथून सुटून आलो, असं प्रत्येक पिढीनं मानायचं. मी मात्र एकाच पिढीमागचं साल लपवलं होतं. पुढचा घास उतरेना.

८ एप्रिल २०२०, चैत्री पौर्णिमा. निवृत्तीनंतर मी यावलला परतलो होतो. वल्हांडणाच्या त्या रात्री माझ्या त्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. टाळेबंदीमुळे सेदरला, म्हणजे वल्हांडणाच्या जेवणाला, नवराबायको दोघंच होती. "पुढच्या वर्षी सगळे एकत्र बसू. तूही ये," म्हणाला. त्या दिवसांत घराकडे पायी निघालेले मजूर टीव्हीवर दिसत होते. त्यांच्या डोक्यावरच्या बोचक्यांत मला बाबांचं घोंगडं दिसायचं.

अठरा दिवसांनी आखाजी आली. लेकी आल्या नाहीत, झोके बांधले नाहीत. मी बाबांच्या नावाने घागर भरली आणि नातवाला निंबाखाली घेऊन बसलो.

"तुझे पणजोबा सालदार होते."

"सालदार म्हणजे काय, आजोबा?"

हा प्रश्न कोणी विचारू नये म्हणून मी आयुष्यभर जपून बोललो होतो. त्या दुपारी तो ऐकून हलकं वाटलं. बाज पुढे ओढली, त्याला शेजारी बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागलो: उचल, बांध, रात्रीची राखण आणि तो एक दिवस.