दैत्यांचीं दोन गांवें

बुलढाणा जिल्ह्यांत पैनगंगेच्या कांठीं मेहकर वसलें आहे. शार्ङ्गधर विष्णूनें येथें मेघंकर दैत्याचा वध केला, म्हणून हें नांव, असें वृद्ध सांगतात. १८८८ सालीं येथें सांपडलेली शार्ङ्गधराची भव्य मूर्ति आज बालाजी म्हणून पूजिली जाते. जवळच्या लोणारास दैत्य लवणासुर, आणि त्यास मारणाऱ्या विष्णूचें दैत्यसूदन मंदिर. पराक्रम देवाचा, गांवांस नांवें मात्र दैत्यांचीं, याची आम्हांस मोठी मौज वाटते.

व्याकरणाचाही या कथांस विरोध नाहीं. संस्कृतांतील 'घ' प्राकृतांत 'ह' होतो. मेघाचा मेह होतो. 'अव'चा 'ओ' होतो; जसें नवनीताचें लोणी, तसें लवणाचें लोण.

लोणारचें विवर उल्कापातानें झालें, हें आतां सिद्ध आहे. तेवढ्यावरून घरांतील तरुण मंडळी लवणासुरास हसतात. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, तेथील तळें खारें आहे, ही खरी गोष्ट त्याच असुराच्या नांवांत सांठविलेली आहे. कांच व साबण यांस लागणारें साहित्य येथें मिळतें, अशी नोंद सोळाव्या शतकांतील ऐन-इ-अकबरींतही आहे.

मुलांस उल्केची हकीकत अवश्य शिकवावी. परंतु रात्रीं निजतांना आजीनें लवणासुराची गोष्टही सांगावी. ती सांगणारें कोणी उरलें नाहीं, तर लोणार हें नुसतें पाटीवरचें अक्षर होईल, आणि त्यांतील मीठ कोणासच कळणार नाहीं.